सरहद्द न जाणणारा झोत

आयर्लंडची स्वतःची दूरचित्रवाणी १९६१ च्या अखेरच्या रात्री सुरू झाली. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून पूर्व किनाऱ्यावरचे रहिवासी उंच अँटेना उभारून आयरिश समुद्रापलीकडचे ब्रिटिश कार्यक्रम, कोणाच्याही परवानगीवाचून, पाहत होते. पुढे विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील अ‍ॅस्ट्रा उपग्रहांनी हे काम हाती घेतले, आणि २००३ साली बीबीसीने आपल्या वाहिन्यांवरील सांकेतिक कुलूप काढताना प्रक्षेपणाचा झोत ब्रिटनपुरता आवळून धरला. मात्र उपग्रहाचा झोत म्हणजे मोजणी खात्याचा नकाशा नव्हे: त्याची तीव्रता कडेला हळूहळू मंदावते, आणि उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचाच मुलूख असल्याने तेथे पुरेशी तीव्रता पोहोचवायची, तर शेजारचे प्रजासत्ताक अंधारात ठेवणे निसर्गनियमांना मंजूर नाही. गंमत अशी, की त्याच उपग्रहांवरील आरटीई या आयरिश संस्थेच्या प्रमुख वाहिन्या कार्यक्रमांच्या हक्कांपायी कुलूपबंद असतात. साध्या तबकडीवर लंडन फुकट दिसते, डब्लिन नाही! डब्लिनसाठी ‘सेओरव्ह्यू’ ही भूतलावरील मोफत सेवा आहे; म्हणूनच दोन्ही प्रकारचे संदेश ग्रहण करणारे जोडसंच तेथील दुकानांत विकले जातात.