पाकांतील सप्ताळू

पीच या फळास आपल्या जुन्या मराठींत सप्ताळू असें नांव आहे. फारशी शफ्तालूवरून तें आलें. उत्तर हिंदुस्थानांत याच फळास आडू म्हणतात. मूळचें तें चीन देशाचें. परंतु कुमाऊं, हिमाचल आणि काश्मीर येथील डोंगरांत तें उत्तम पिकतें. अडचण एवढीच कीं, पिकतें तें सगळें एकदम पिकतें, आणि झाडावरून उतरल्यावर चार दिवसांत मऊ पडून डागाळूं लागतें. आंब्याच्या हंगामांत आपल्याकडे अढीपुढें बसून गृहिणीस जी चिंता पडते, तीच तेथेंही पडते.

माझी मुलगी व जांवई नैनिताल जिल्ह्यांत रामगडच्या बाजूस राहतात. गांव सुमारें साडेपांच हजार फूट उंचीवर आहे आणि अंगणांत सप्ताळूचीं तीन झाडें आहेत. सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यांत आम्हीं उभयतां तेथें गेलों असतां मुलीनें हीं फळें पाकांत घालून बाटलीबंद करण्याचा बेत केला. एका पुस्तकांतून वेळ वाचून दाखविण्याचें आणि घड्याळ धरून उभें राहण्याचें काम माझ्याकडे आलें. पुस्तकांत मिनिटें वीस होतीं. मीं बाटल्या पाण्यांत ठेवतांच मोजावयास आरंभ केला आणि विसावें मिनिट भरतांच त्या बाहेर काढविल्या. चौदा बाटल्या फडताळांत रांगेनें लागल्या. पंधरवड्याच्या आंत त्यांपैकीं अकरांचीं झांकणें फुगलीं, पाकावर फेस आला आणि एके रात्रीं एक बाटली फुटून गेली. मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिनें निमूटपणें सर्व माल खड्ड्यांत पुरला. न बोलण्याचेंच मला अधिक लागलें.

चूक कोठें झाली हें समजण्यासाठीं मूळ तत्त्व पाहिलें पाहिजे. मुरंब्यांत फळ टिकतें तें साखरेच्या बळावर. शेंकडा पासष्टच्या सुमारास साखर असली म्हणजे सूक्ष्म जंतूंस तींत वाढतां येत नाहीं. पाकांतल्या सप्ताळूंत साखर त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. ती केवळ रंग, रुचि व आकार राखते. राखणदार ती नव्हे. येथें राखणदार दोन: एक उष्णता व दुसरें घट्ट झांकण. निकोला आपेर नांवाच्या फ्रेंच हलवायानें हा मार्ग शोधला आणि १८१० सालीं त्याला फ्रेंच सरकारकडून बारा हजार फ्रँकांचें बक्षीस मिळालें. अन्न टिकतें कां, हें मात्र त्यालाही ठाऊक नव्हतें. जंतूंचा उलगडा पाश्चरनें केला तो सुमारें अर्धशतकानंतर.

आतां माझे दोन अपराध. पहिला हा कीं, वेळ मोजावयाचा तो पाणी खळखळ उकळूं लागल्यापासून, बाटली आंत ठेवल्यापासून नव्हे. दुसरा अधिक लाजिरवाणा. जसजसें उंच जावें तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी उष्णतेसच उकळतें. समुद्रकांठीं शंभर अंशांस उकळणारें पाणी त्या गांवीं चौऱ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतें. हा धडा मीं तीस वर्षें मुलांस शिकविला, फळ्यावर आकृति काढून शिकविला. आणि चुलीपुढें उभा राहिल्यावर तो मला आठवला नाहीं!

म्हणून पाऊण लिटरपर्यंतच्या बाटल्यांसाठीं, गरम फळें गरम पाकासह भरलीं असल्यास, वेळेचा हिशेब ध्यानांत ठेवावा. हजार फुटांपर्यंत, म्हणजे मुंबई, रत्नागिरी येथें, २५ मिनिटें. हजारापासून तीन हजार फुटांपर्यंत ३० मिनिटें. पुणें व नाशिक यांत येतात. त्यापुढें सहा हजारांपर्यंत ३५. महाबळेश्वर आणि आमचें तें गांव या वर्गांतलें. त्याहून उंच ठिकाणीं ४०.

कृति अशी. फळें पिकलेलीं पण घट्ट, पिवळ्या गराचीं घ्यावींत. पांढऱ्या गराचीं यासाठीं घेऊं नयेत. त्याचें कारण पुढें सांगतों. तीं अर्धें ते एक मिनिट उकळत्या पाण्यांत बुडवून लगेच थंड पाण्यांत टाकावीं, म्हणजे साल बोटानें सुटते. शिवणीवरून चीर देऊन दोन्ही अर्धे उलट दिशांस पिळावे व बाठा काढावा. कांहीं जातींत बाठा गरास चिकटून असतो. तेथें सुरीशिवाय गति नाहीं. हवा लागून फोडी काळवंडतात, म्हणून त्या लिंबू पिळलेल्या पाण्यांत ठेवाव्या. एक लिटर पाण्यास सुमारें ४३० ग्रॅम साखर घातली म्हणजे मध्यम पाक होतो. त्यांत फोडींस एक उकळी आणावी आणि गरम बाटल्यांत, कापलेली बाजू खालीं करून, भराव्या. वरतीं अर्धा इंच जागा रिकामी असावी. बांबूची काडी आंतून फिरवून बुडबुडे काढावे व तोंड स्वच्छ पुसावें. झांकण नवें असावें, आणि फिरकी बोटांच्या जोरानेंच आवळावी. आंतील हवेस बाहेर पडतां आलें पाहिजे. पातेल्याच्या तळाशीं जाळी ठेवून बाटल्या उभ्या कराव्या. पाणी झांकणांच्या वर निदान इंचभर असलें पाहिजे. निवतांना आंतील वाफ आकसते, पोकळी होते, आणि बाहेरील हवा झांकणास खालीं दाबते. दुसरे दिवशीं झांकणाचा मध्य बोटानें दाबून पाहावा. तो खालवर होऊन टक्‌ टक्‌ वाजला तर बाटली बसली नाहीं; ती शीतकपाटांत ठेवून लौकर संपवावी.

पांढऱ्या गराचा प्रश्न राहिला. बॉटुलिझम नांवाची विषबाधा करणारा एक जंतु आहे. त्याचीं बीजें उकळत्या पाण्यांतही मरत नाहींत, आणि हवा नसलेल्या बंद बाटलींत तीं वाढून विष निर्माण करतात. त्यांस अटकाव करतो तो फळाचा आंबटपणा. शास्त्रज्ञांच्या मापांत तो ४.६ या अंकाच्या खालीं असला पाहिजे. पिवळें सप्ताळू पुरेसें आंबट असतें. पांढऱ्याची खात्री देतां येत नाहीं. या विषास चव नाहीं, वास नाहीं. फसफसलेल्या आमच्या अकरा बाटल्यांनीं निदान आपला बिघाड ओरडून सांगितला. झांकण फुगलें असेल, पाक गळला असेल अथवा मनांत किंतु आला असेल, तर चाखून पाहण्याचा मोह धरूं नये. बाटली तशीच मुलांच्या व जनावरांच्या वाटेबाहेर पुरावी.

पुढच्या उन्हाळ्यांत आम्हीं पुन्हा बारा बाटल्या भरल्या. या खेपेस घड्याळ मुलीनें स्वतः हातांत घेतलें आणि मला सालें काढावयास बसविलें. बाराही बाटल्या टिकल्या. त्यांतल्या दोन आम्हीं धोतरांत गुंडाळून घरीं आणल्या. एक दिवाळींत उघडली. दुसरी अजून अंधाऱ्या फडताळांत आहे, आणि वर्ष भरण्याच्या आंत तीही उघडावयाची आहे.