वीस म्हणजे किती? इन्सुलिनची सिरिंज आणि रुग्णसहायकांचा वर्ग

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर वाचता वाचता उठा आणि फ्रिजमधली बाटली बाहेर काढा. लेबलवर बारीक अक्षरात '४० आययू/मिली' किंवा '१०० आययू/मिली' असं छापलेलं दिसेल. आता सिरिंज बघा. तिच्यावरही ४० किंवा १०० लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे साधारणपणे ४० ची टोपी लाल, १०० ची नारिंगी असते. बाटली आणि सिरिंज, दोन्हीवरचा आकडा एकच असेल तर निवांत पुढे वाचा. नसेल तर लेख राहू द्या, पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आणि हो, मनानेच हिशेब करून डोस बदलू नका.

हा आकडा म्हणजे एक मिलिलिटरमध्ये इन्सुलिनची किती युनिटं आहेत ते. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा ४० चं असतं आणि पेनमधलं १०० चं. अमेरिकेसह बऱ्याच देशांनी काही दशकांपूर्वीच १०० चं एकच माप ठेवलं. आपल्याकडे दोन्ही मापं एकाच दुकानात, कधी कधी एकाच खणात असतात.

डॉक्टरांनी २० युनिटं लिहून दिलीत असं समजा. ४० च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अर्धा मिलिलिटर येतो, म्हणजे बरोबर २० युनिटं. त्याच बाटलीतून नारिंगी टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर येतो फक्त ०.२ मिलिलिटर. त्यात युनिटं किती? आठ. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने घेतलं, तर त्याच '२०' मध्ये ५० युनिटं जातात. रेघ तीच, आकडा तोच. पहिल्या चुकीत साखर वाढत राहते, दुसरीत माणूस बेशुद्ध पडू शकतो.

माझ्या पीएच.डी.चा विषय इथूनच निघाला असं म्हटलं तरी चालेल. आजीला २० युनिटं लिहून दिली होती. लाल टोपीच्या सिरिंजा संपल्या म्हणून कुणीतरी नारिंगी आणल्या. 'इन्सुलिनचीच आहे ना, मग झालं.' काही आठवड्यांत साखर वाढलेली दिसली. डॉक्टरांनी आहाराबद्दल विचारलं, आजीवर आंबे खाल्ल्याचा आळ आला, आणि डोस ३० वर गेला. प्रत्यक्षात तिच्या अंगात तेव्हा बाराच युनिटं जात होती. पुढे पायाच्या जखमेमुळे तिला एका रुग्णालयात ठेवावं लागलं. तिथे कागदावर लिहिलेली ३० युनिटं योग्य सिरिंजने, अगदी नियमाप्रमाणे दिली गेली. रात्री आजीला दरदरून घाम सुटला, ती असंबद्ध बोलायला लागली. नशिबाने शेजारच्या खाटेवरच्या बाई जाग्या होत्या. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर आजी भानावर आली.

यात चुकलं कोण? दुकानात, घरात, दवाखान्यात, वॉर्डात कुणीही बेफिकीर नव्हतं. 'वीस म्हणजे कशाचे वीस?' हा प्रश्न मात्र मधल्या एकानेही विचारला नाही. (आंब्यांचं प्रकरण आजी अजून विसरलेली नाही.)

आता वर्गाकडे वळते. सोलापुरात मी ज्या मुलामुलींसोबत काम करते ते दहावी-बारावी करून रुग्णसहायकाचा, म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंटचा, कोर्स करतात. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात. कोर्सनंतर त्यांना छोट्या हॉस्पिटलांत नोकरी मिळते. कागदावर त्यांचं काम रुग्णाला उठवणं-बसवणं, स्वच्छता, जेवण भरवणं, नोंदी ठेवणं. औषध ठरवणं डॉक्टरांचं, देणं नर्सचं. पण रात्रीच्या पाळीला एकच सिस्टर असली आणि तीन खाटांवर एकदम गडबड झाली की, 'अगं, तेवढं भरून ठेव गं' असं होतंच. घरी रुग्ण सांभाळायला गेलेल्या मुलीकडे तर पहिल्याच दिवशी गोळ्यांचा डबा येतो.

मग यांना औषधशास्त्र शिकवायचं तरी किती? दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणजे, काहीच शिकवू नका, नाहीतर अर्धवट ज्ञानावर स्वतःच डॉक्टरकी करतील. दुसरं म्हणजे नर्सिंगच्या पुस्तकातली औषधांच्या गटांची यादी पाठ करून घ्या. मला दोन्ही पटत नाहीत. यादी पाठ असलेली मुलगी परीक्षेत पास होते आणि नारिंगी टोपीच्या सिरिंजमध्ये २० भरते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मुळात अडतं कुठे, तर 'औषध किती' आणि 'पाणी किती' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथे. मिलिग्रॅम म्हणजे औषध, मिलिलिटर म्हणजे ते ज्यात विरघळवलंय ते द्रव. फळ्यावर सूत्र लिहिलं की सगळे वहीत उतरवतात. त्यापेक्षा मी दोन ग्लास घेऊन जाते. एका ग्लास पाण्यात एक चमचा साखर, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात चार चमचे. दोन्हीतला एक-एक घोट प्या आणि सांगा, साखर सारखीच पोटात गेली का? लिंबू सरबत करणाऱ्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. मग पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या टेबलावर ठेवते.

एका सिरपवर लिहिलेलं असतं ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम. दुसऱ्यावर ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. तिसरी छोटी, लहान बाळांच्या थेंबांची. तिच्यावर १ मिलीत १०० मिलिग्रॅम. प्रत्येकीतून '५ मिली' काढलं तर किती औषध जाईल? १२५, २५० आणि ५००. सगळ्यात लहान बाळाच्या बाटलीत सगळ्यात घट्ट औषध! इथे वर्गात एकदम शांतता होते. बाळाला थोडंच पाजता येतं म्हणून ते घट्ट केलेलं असतं, हे कारण सांगितलं की पटतं. पण आधी सगळ्यांचा समज उलटाच असतो, लहान बाटली म्हणजे हलकं औषध. ताप उतरवायला पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस मुलाच्या वजनाच्या दर किलोला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे दहा किलोच्या मुलाला १०० ते १५० मिलिग्रॅम, आणि थेंबांच्या बाटलीतून फक्त एक ते दीड मिली. 'एक चमचा पाज' असं फोनवर सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणती बाटली होती, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

चमचा म्हणजे तरी केवढा? ग्रीसमधल्या संशोधकांनी २५ घरांतले ७१ चहाचे चमचे मोजले. सगळ्यात लहान चमच्यात २.५ मिली मावत होतं, सगळ्यात मोठ्यात ७.३. त्यांचा लेख २०१० मध्ये आला. आमच्या वर्गाने घरून चमचे आणून हाच उद्योग केला. चहाचा, पोह्यांचा, आणि एकीने तर शेंगाचटणीच्या बरणीतला आणला होता. निकाल सांगायची गरज नाही. आता औषधाच्या बाटलीसोबत येणारं मापाचं झाकण कुणी फेकत नाही. अमेरिकेतल्या २०१४ च्या एका अभ्यासात, चमच्याच्या भाषेत डोस सांगणाऱ्या पालकांकडून मोजमाप चुकण्याची शक्यता मिलीच्या भाषेत सांगणाऱ्यांच्या दुप्पट दिसली होती. म्हणून आम्ही वर्गात 'चमचा' शब्दालाच बंदी घातलीय. चुकून म्हणणाऱ्याने चहा पाजायचा. (मी तीनदा पाजलाय.)

औषध-सुरक्षेच्या प्रत्येक पुस्तकात 'पाच योग्य' असतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. मुलं ती घडाघडा म्हणतात. पण ती पोचायची जागा झाली, वाट नव्हे. 'योग्य मात्रा द्या' म्हटल्याने ती योग्य कशी हे कळत नाही. त्यामुळे प्रत्येक 'योग्य'साठी हाताने करायचं काहीतरी हवं. योग्य रुग्ण? मग 'तुम्हीच शिंदेकाका ना?' असं विचारायचं नाही, कारण अर्धवट झोपेतला माणूस कशालाही 'हो' म्हणतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हणायचं, आणि केसपेपरशी ताडून बघायचं. योग्य मात्रा? लिहिताना ०.५ मधलं पुढचं शून्य सोडायचं नाही, टिंब पुसट झालं की .५ चे ५ होतात. आणि ५ लिहायचं असेल तर ५.० लिहायचं नाही, त्याचे ५० होतात. इंग्रजीत युनिटसाठी नुसतं 'यू' अक्षर लिहिलं की घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात, म्हणून पूर्ण शब्द लिहायचा.

नावांचा घोळ तर थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय. एकाच कॅडिला घराण्यातून निघालेल्या दोन कंपन्यांची मलेरियावरची औषधं होती, एक 'फाल्सिगो', दुसरं 'फाल्सिटॅब'. घटक वेगळे, नावं जुळी. २००१ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की औषधांच्या नावातल्या साधर्म्याकडे इतर मालापेक्षा जास्त कडकपणे बघायला हवं, कारण इथला गोंधळ जिवावर बेतू शकतो. मी ही गोष्ट वर्गात सांगते ती एवढ्यासाठी की, 'मॅडम, मला वाचता आलं नाही' म्हणताना मुलांना स्वतःचीच लाज वाटते. आपलं इंग्रजी कच्चं म्हणून असं होतं, अशी त्यांची समजूत. अरे, डॉक्टरांनी सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा नियमच मेडिकल कौन्सिलला २०१६ मध्ये करावा लागला! न समजणं हा तुमचा दोष नाही. अंदाजाने पुढे जाणं मात्र चालणार नाही.

आणि काही गोष्टी या मुलांना डॉक्टरांपेक्षा जास्त कळतात. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणारे कित्येक जण कन्नड, शिवाय उर्दू आहेच. डॉक्टर मराठीत किंवा हिंदीत सांगतात, पेशंट मान हलवतो. वर्गातली तेलुगू बोलणारी मुलगी बाहेर बाकावर त्याच आजीबाईंना विचारते, 'आता मला सांगा, ही गोळी कधी घेणार?' उत्तर उलटं आलं की लगेच समजतं, निरोप पोचलेलाच नाही. याला शिकवून-परत-विचारणं म्हणतात. पुस्तकात त्याला मोठं नाव आहे, इथे ते सहज होतं.

तसंच उपासाचं. आपला जिल्हा पंढरपूरचा. आषाढीला साखरेच्या गोळ्या घेणारे कितीतरी लोक दिवसभर जवळपास काही खात नाहीत, पण गोळी मात्र नेमाने घेतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही ते ती बघत नाही. दुपारी घाम, थरथर, चक्कर. लोक म्हणतात उपास बाधला. 'उद्या एकादशी आहे, गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारलंत का?' एवढं एक वाक्य रुग्णसहायकाने आदल्या दिवशी बोललं तरी पुष्कळ आहे. रोज्यांच्या महिन्यातही तेच. गोळी बंद करायचं सांगणं तिचं काम नाही, विचारायची आठवण करणं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांतून होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणायची मोहीम जाहीर केली होती. तिच्या कागदपत्रांत व्यवस्था, धोरण असे मोठे शब्द आहेत आणि ते बरोबरच आहेत. पण माझ्या वर्गात सगळ्यात अवघड धडा कुठला ठरतो माहितीय? वरिष्ठांना 'थांबा' म्हणणं. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, घरात मोठ्यांपुढे बोलायची सवय नाही, नोकरी नवी. तिने सिस्टरला, सरांना कसं म्हणावं की हे चुकतंय? 'चूक आहे' म्हणायचंच नाही, असं आम्ही ठरवलं. लेबलवरचा आकडा मोठ्याने वाचायचा. 'सिस्टर, बाटलीवर चाळीस आहे, सिरिंजवर शंभर आहे. एकदा बघता का?' यात आरोप नाही, फक्त वाचन आहे. तरीही पहिल्या सरावात आवाज फुटत नाही.

म्हणून आता मी प्रात्यक्षिक परीक्षा बदलली आहे. ट्रेमध्ये ४० ची बाटली (आत नुसतं पाणी) आणि मुद्दाम नारिंगी टोपीची सिरिंज ठेवते, कागदावर लिहिते, 'इन्सुलिन २० युनिट, भरून ठेवा.' बरोबर उत्तर म्हणजे न भरणं. पहिल्या खेपेला बरेच जण सुंदर भरतात, बुडबुडा काढून, रेघेवर अचूक. मी शून्य गुण देते तेव्हा चिडतात. 'मॅडम, वीसच भरलंय की!'

गेल्या बॅचला एका मुलीने ट्रे तसाच परत माझ्यासमोर ठेवला. मी ठरल्याप्रमाणे आवाज चढवला, "लाल संपल्यात. पेशंट जेवायला बसलाय. हिच्यातच भर लवकर."

ती गडबडली. बाटली उचलली, परत ठेवली. मग कागदाकडे न बघता म्हणाली, "खाली मेडिकलमधून आणते, मॅडम. दोन मिनिटं थांबवा त्यांना." आणि परीक्षा चालू असताना खरंच जिन्याकडे निघाली.