स्काऊट-गाईड चळवळीचे वर्धापनदिन (महाराष्ट्र)

स्काऊट-गाईड चळवळीचे वर्धापनदिन म्हणजे स्काऊट आणि गाईड चळवळीचा उदय, तिच्या संस्थापकांचा जन्म आणि भारतातील एकत्रित संघटनेची स्थापना यांच्या स्मरणार्थ पाळले जाणारे दिवस होत. यांपैकी २२ फेब्रुवारी (चिंतन दिन), १ ऑगस्ट (चळवळीचा प्रारंभ) आणि ७ नोव्हेंबर (भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा स्थापना दिन) हे तीन दिवस प्रमुख आहेत. महाराष्ट्रात शाळांमधील पथके आणि जिल्हा संघटना हे दिवस साजरे करतात. चळवळ मूळची ब्रिटिश असून भारतात तिच्या सुरुवातीच्या पथकांत भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. त्यामुळे कोणता दिवस चळवळीचा आरंभ मानावा, या प्रश्नाला भारतात ऐतिहासिक महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. १८७६ मध्ये ते १३व्या हुसार्स या घोडदळाच्या पलटणीत दाखल होऊन भारतात आले. टेहळणी, माग काढणे आणि उघड्या रानात राहणे यांविषयीचा त्यांचा अनुभव भारतात आणि आफ्रिकेत घडला. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात मॅफेकिंग या गावाला पडलेला वेढा २१७ दिवस चालला व मे १९०० मध्ये उठला. या वेढ्यात गावातील मुलांनी निरोप पोहोचवण्यासारखी कामे केली होती. जबाबदारी सोपवल्यास मुले ती पार पाडतात, हा विचार तेथून पुढे आल्याचे सांगितले जाते.

१ ऑगस्ट १९०७ पासून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी प्रायोगिक शिबिर घेतले. श्रीमंत घरांतील आणि कामगार कुटुंबांतील मुलांना त्यांनी एकाच तंबूत ठेवले व त्यांचे चार संघ केले. प्रत्येक संघाचा नायक मुलांपैकीच होता. पुढील वर्षी, १९०८ मध्ये, त्यांचे ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पाक्षिक भागांत प्रसिद्ध झाले आणि पथके आपोआप उभी राहू लागली. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मेळाव्यात मुलीही आल्या. त्यांच्यासाठी १९१० मध्ये गाईड चळवळ सुरू झाली. तिचे आरंभीचे नेतृत्व बेडन-पॉवेल यांची बहीण अ‍ॅग्नेस यांच्याकडे होते.

भारतातील आरंभ

भारतातील पहिले स्काऊट पथक १९०९ मध्ये कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बेंगळुरू येथे स्थापन केल्याचे मानले जाते. त्यानंतरच्या दोन वर्षांत पुण्याजवळील खडकी, लोणावळा, जबलपूर, मद्रास आणि सिमला येथे पथके सुरू झाली. खडकी आणि लोणावळा ही ठिकाणे आजच्या महाराष्ट्रात येतात. त्यामुळे राज्यातील चळवळीचा इतिहास देशातील चळवळीइतकाच जुना ठरतो. गाईडचे पहिले पथक १९११ मध्ये जबलपूर येथे निघाले.

ही पथके युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती मर्यादित होती. भारतीय मुलांसाठी वेगळे प्रयत्न करावे लागले. १९१६ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने मद्रास येथे इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशनची स्थापना केली. अलाहाबाद येथे मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांच्या पुढाकाराने सेवा समिती स्काऊट असोसिएशन उभी राहिली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल यांनी भारताचा दौरा केला. त्यानंतर बेझंट यांची संघटना अधिकृत संघटनेत विलीन झाली. सेवा समितीने मात्र आपले वेगळे अस्तित्व कायम ठेवले. ब्रिटिश नेतृत्वाविषयी वाढत गेलेल्या नाराजीतून १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन स्थापन झाली.

स्वातंत्र्यानंतर या संघटना एकत्र आणण्यासाठी जवाहरलाल नेहरू, शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद आणि मंगलदास पक्वासा यांनी प्रयत्न केले. स्काऊट नेत्यांपैकी हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी आणि न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांचा त्यात सहभाग होता. बोस हे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश व नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मध्य प्रांत व वऱ्हाडातील स्काऊट कार्यात त्यांनी दीर्घकाळ जबाबदारी सांभाळली होती. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकत्रित संघटना अस्तित्वात आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईडची संघटनाही तीत सामील झाली. मुले आणि मुली एकाच राष्ट्रीय संघटनेत आणण्याचा हा निर्णय जगातील अनेक देशांच्या तुलनेत लवकर झाला.

प्रमुख दिवस

२२ फेब्रुवारी – चिंतन दिन. बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह (जन्म १८८९) या दोघांचाही जन्मदिवस २२ फेब्रुवारी हाच आहे. १९२६ मध्ये अमेरिकेत भरलेल्या गाईडच्या जागतिक परिषदेत हा दिवस परस्परांचे स्मरण करण्याचा दिवस म्हणून ठरवण्यात आला. वाढदिवसाला भेट देण्याचा प्रघात असतो, या कल्पनेतून १९३२ पासून गाईड या दिवशी चळवळीसाठी अल्प रक्कम देऊ लागल्या. भारतात स्काऊट आणि गाईड दोघेही हा दिवस पाळतात.

१ ऑगस्ट – चळवळीचा प्रारंभ. ब्राउनसी शिबिराचा हा स्मरणदिन आहे. १ ऑगस्ट २००७ रोजी चळवळीला १०० वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी जगभरातील स्काऊटांनी स्थानिक वेळेनुसार सकाळी ८ वाजता आपल्या वचनाचा पुनरुच्चार केला. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जातो, तसा हा वचनविधी एका देशातून दुसऱ्या देशात होत गेला. महाराष्ट्रातील शाळांत १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती असते. त्यामुळे एरवी स्काऊटचा हा दिवस सार्वजनिक कार्यक्रमात मागे राहतो. अनेकदा गणवेशावरील गळपट्टा अर्थात स्कार्फ परिधान करून तो पाळला जातो.

७ नोव्हेंबर – स्थापना दिन. भारतीय संघटनेचा हा वर्धापनदिन ध्वज दिन म्हणूनही ओळखला जातो. या निमित्ताने लहान स्टिकरांची विक्री करून निधी उभारला जातो. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणूनही पाळला जातो. १९०० साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सातारा येथील शाळेत प्रवेश घेतला होता. काही वर्षी हा दिवस दिवाळीच्या सुटीत येतो. अशा वेळी शाळांतील कार्यक्रम सुटीनंतर घेतले जातात.

यांखेरीज २ ऑक्टोबरला गांधी जयंतीनिमित्त सर्वधर्म प्रार्थना घेण्याची पद्धत संघटनेत रूढ आहे.

जिल्हा संघटना आणि ग्रामीण पथके

भारत स्काऊट्स आणि गाईड्सची रचना राष्ट्र, राज्य, जिल्हा, स्थानिक संस्था आणि पथक अशी आहे. सामान्यतः महसुली जिल्हा हाच स्काऊट जिल्हा असतो. महाराष्ट्रात चळवळीचा शिक्षण विभागाशी निकटचा संबंध असून अनेक जिल्ह्यांत शिक्षणाधिकारी जिल्हा संघटनेतील आयुक्तपदाची जबाबदारी सांभाळतात. दैनंदिन काम जिल्हा संघटक पाहतात. पथकाचे मार्गदर्शक बहुधा शाळेतील शिक्षकच असतात. मुलांच्या पथकासाठी स्काऊट मास्तर, तर मुलींच्या पथकासाठी गाईड कॅप्टन असे पद असते. लहान मुले कब आणि बुलबुल, सुमारे १० वर्षांपुढील मुले-मुली स्काऊट आणि गाईड, तर तरुण-तरुणी रोव्हर आणि रेंजर म्हणून नोंदवले जातात.

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात असलेले विंचूर हे या रचनेचे ग्रामीण टोक समजून घेण्यासाठी योग्य उदाहरण आहे. पानिपतच्या लढाईत सहभागी झालेले मराठा सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या घराण्यामुळे हे गाव इतिहासात ओळखले जाते. आज लासलगावच्या कांदा बाजारपेठेचा शेजार आणि द्राक्षबागा ही या परिसराची ओळख आहे. अशा गावातील शाळेच्या पथकाला स्थापना दिन आपल्या मैदानावर साजरा करता येतो. जिल्हा मेळाव्यासाठी मात्र गणवेश, प्रवास, तंबू आणि शिधा यांची तजवीज करावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मेळाव्यांचा काळ असतो. त्याच महिन्यांत कांद्याची लागवड आणि द्राक्षबागांची निगा चालू असते आणि शेतकरी कुटुंबांतील मुलांचा हातभारही शेतीला लागतो. त्यामुळे ग्रामीण पथकाचा सहभाग शिक्षकाच्या उत्साहावर आणि पालकांच्या संमतीवर बराच अवलंबून असतो. मार्गदर्शक शिक्षकाची बदली झाल्यास चालू पथक खंडित होण्याची शक्यता असते.

खर्चाच्या प्रश्नावर चळवळीने दिलेले एक उत्तर म्हणजे ‘खरी कमाई’. यात मुले श्रम करून किंवा स्वतः तयार केलेले पदार्थ व वस्तू विकून पैसे मिळवतात. महाराष्ट्रातील शाळांत या उपक्रमाला छोट्या बाजाराचे स्वरूप येते. हिशेब मुलांनीच ठेवावा आणि घरून आणलेली रक्कम कमाईत धरू नये, असा त्यामागील संकेत आहे.

साजरे करण्याची पद्धत

वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाची सुरुवात ध्वजारोहण, प्रार्थना आणि ध्वजगीताने होते. संघटनेचा ध्वज गडद निळा असून त्यावर पिवळ्या रंगात चिन्ह असते. स्काऊटचे कमलदलासारखे चिन्ह, गाईडचे त्रिदल आणि अशोकचक्र यांचा त्यात समावेश आहे. सर्व सदस्य तीन बोटांनी सलामी देतात आणि वचनाचा पुनरुच्चार करतात. भारतीय वचनात ईश्वर आणि देश यांच्याप्रती कर्तव्याचा उल्लेख असून ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी ‘धर्म’ हा शब्द वापरण्याची मुभा आहे. मूळ ब्रिटिश वचनातील राजनिष्ठेची जागा येथे देशाने घेतली आहे. स्काऊट एकमेकांशी डाव्या हाताने हस्तांदोलन करतात.

जिल्हा मेळावा एक किंवा अधिक दिवसांचा असतो. त्यात संचलन, शोभायात्रा, तंबू उभारणी, दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, बिनभांड्यांचा स्वयंपाक आणि हस्तकला यांच्या स्पर्धा होतात. रात्री शेकोटीभोवती गाणी, नकला आणि पोवाडे सादर केले जातात. प्रवेशापासून प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान अशा पायऱ्यांनी पुढे जाऊन राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार मिळवणाऱ्या सदस्यांचा गौरवही अशा प्रसंगी केला जातो.

महत्त्वाचे महोत्सव

२००७ मध्ये चळवळीच्या शताब्दीनिमित्त २१वी जागतिक जांबोरी इंग्लंडमधील हायलँड्स पार्क येथे भरली. ‘एक जग, एक वचन’ हे तिचे सूत्र होते. भारतीय संघटनेच्या पंचाहत्तरीनिमित्त जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळनाडूतील मनप्पारै येथे राष्ट्रीय जांबोरी झाली. तिला ‘डायमंड ज्युबिली’ असे नाव होते. मराठी प्रघातानुसार हीरक महोत्सव ६० वर्षांचा आणि अमृत महोत्सव ७५ वर्षांचा असतो. त्यामुळे या सोहळ्याचा मराठीत उल्लेख करताना दोन्ही शब्द आढळतात.

महाराष्ट्राचा जागतिक गाईड चळवळीशी असलेला कायमस्वरूपी दुवा म्हणजे पुण्यातील ‘संगम’ हे केंद्र. ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते १६ ऑक्टोबर १९६६ रोजी त्याचे उद्घाटन झाले. गाईडच्या जागतिक केंद्रांपैकी आशियातील हे एकमेव केंद्र आहे.

आक्षेप आणि मूल्यमापन

गणवेश, संचलन आणि आज्ञापालन यांमुळे या चळवळीवर लष्करी वळणाचा आक्षेप आरंभापासून घेतला गेला. बेडन-पॉवेल यांनी स्काऊट हा शांततेचा सेवक असावा, अशी भूमिका मांडली. भारतात वसाहतवादी उगमाचा आक्षेप अधिक तीव्र होता. बेझंट आणि मालवीय यांच्या संघटनांनी चळवळीची पद्धत स्वीकारली, परंतु तिची मालकी परक्यांकडे राहू दिली नाही.

या दृष्टीने तीन वर्धापनदिनांचा अर्थ भिन्न आहे. १ ऑगस्ट हा एका शैक्षणिक कल्पनेचा आरंभदिन आहे, तर २२ फेब्रुवारी हा तिच्या जागतिक बंधुभावाचा दिवस आहे. ७ नोव्हेंबर हा दिवस मात्र, ज्या मुलांना १९०९ मध्ये पथकाबाहेर ठेवले गेले होते, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी एकत्रित संघटना आपल्या हाती घेतल्याचा आहे. गावातील शाळेच्या मैदानावर ध्वजाला सलामी देणाऱ्या पथकाची परंपरा या तिसऱ्या तारखेशी सर्वाधिक निगडित आहे.