चिठ्ठ्यांचा हिशेब : ‘द हंगर गेम्स’ तरुण वाचकांना का धरून ठेवते?

किशोरवयीन मुलांच्या वाचनाविषयी बोलायला लागलं, की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. मुलांनीच मुलांना मारायचं, अशी कादंबरी आमची मुलगी पुन्हा पुन्हा का वाचते? या प्रश्नामागची काळजी खरी आहे. म्हणून आज या प्रकारातली सर्वांत गाजलेली कादंबरी घेऊ : अमेरिकन लेखिका सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’. ती २००८ साली आली. पुढचे दोन भाग २००९ आणि २०१० मध्ये आले.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. भविष्यकाळात उत्तर अमेरिकेच्या जागी पॅनेम नावाचा देश आहे. त्याची राजधानी कॅपिटॉल चैनीत जगते आणि बारा जिल्हे तिला पोसतात. या जिल्ह्यांनी पूर्वी बंड केलं होतं. त्याची शिक्षा म्हणून दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वर्षांचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडली जाते. या २४ जणांना एका बंदिस्त रिंगणात सोडतात. शेवटी एकानेच जिवंत उरायचं. आणि हे सगळं टीव्हीवर दाखवलं जातं. जिल्ह्यातल्या लोकांना ते बघावंच लागतं.

आता तुम्हाला बकासुर आठवला असेल. एकचक्रा नगरीत पाळी येईल त्या घराने गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठवायचा. कॉलिन्स यांच्यासमोर अशीच एक ग्रीक कथा होती : अथेन्सची सात मुलं आणि सात मुली क्रीट बेटावर मिनोटॉरच्या तोंडी दिली जात, ती. दुसरी ठिणगी त्यांना टीव्हीने दिली. चॅनेल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला लागली, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे.

पण बकासुराची पाळी सगळ्या घरांना सारखी होती. इथे तसं नाही, आणि माझ्या मते कादंबरीची खरी पकड इथेच आहे. हिशेब बघा. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. दिसायला नियम अगदी समान. पण घरात धान्य नसेल, तर एक सोय आहे. नावाची एक जादा चिठ्ठी टाका आणि एका माणसापुरतं वर्षभराचं धान्य नि तेल घ्या, तेही जेमतेमच. या जादा चिठ्ठ्याही दर वर्षी साठत जातात.

नायिका कॅटनिस १६ वर्षांची. वडील कोळशाच्या खाणीत स्फोटात गेले. घरात आई, धाकटी बहीण आणि ती, म्हणजे दर वर्षी तीन जादा चिठ्ठ्या. नेहमीची एक धरून चार. पाच वर्षांच्या वीस. त्याच वयाच्या महापौरांच्या मुलीच्या फक्त पाच. आणि कॅटनिसचा मित्र गेल, वय १८, घरात खाणारी पाच माणसं : त्याच्या बेचाळीस.

कॅटनिसने धाकट्या प्रिमला एकही जादा चिठ्ठी टाकू दिलेली नसते. प्रिम बारा वर्षांची, तिची एकच चिठ्ठी. आणि नेमकी तीच निघते. मग कॅटनिस तिच्या जागी स्वतः पुढे होते.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. नियम मोठ्यांनी केलेले, सगळ्यांना सारखे म्हणून सांगितलेले, पण प्रत्यक्षात सारखे नाहीत, हे त्याला याच वयात दिसायला लागलेलं असतं. प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच. घरची परिस्थिती मात्र एक नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेरा. रिंगणात औषध किंवा अन्न हवं असेल, तर ते पैसेवाले प्रेक्षक पाठवतात. म्हणजे जगायचं तर लोकांना आवडावं लागतं. पीटा या मुलाबरोबरचं आपलं प्रेम खरं किती आणि दाखवायचं म्हणून किती, हे कॅटनिसला स्वतःलाही नीट कळत नाही. सतत कोणीतरी बघतंय, आणि आपण कसे दिसतो यावर सगळं अवलंबून आहे, हा ताण आजच्या मुलांना चांगला माहीत आहे. गंमत म्हणजे कादंबरी आली तेव्हा इन्स्टाग्राम जन्मलेलंही नव्हतं.

आणि सांगण्याची पद्धत! सगळं कॅटनिसच्या तोंडून, वर्तमानकाळात. ती उद्या जगेल की नाही, हे तिलाच माहीत नाही, मग आपल्याला कुठून असणार? कॉलिन्स यांनी आधी मुलांच्या टीव्ही मालिका लिहिल्या होत्या. प्रकरण कुठे तोडायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मग हिंसेचं काय? ती आहे, पण मजेची नाही. बारा वर्षांची रू मारली जाते, तेव्हा कॅटनिस तिचा देह फुलांनी सजवते. कॅपिटॉलसाठी तो खेळातला एक मोहरा आहे. कॅटनिस त्याला माणूस म्हणून निरोप देते. रूचा गरीब जिल्हा तिला पाव पाठवतो. जगायचं कसं, या प्रश्नाबरोबर इथून दुसरा प्रश्न सुरू होतो : जगताना आपण कोण होऊन बसतो?

वाचकांना तो प्रश्न पोचला. २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा निदर्शकांनी याच गोष्टीतली तीन बोटांची सलामी उचलली. २०२१ मध्ये म्यानमारच्या रस्त्यांवरही ती दिसली.

तेव्हा पालकांना माझं सांगणं एवढंच : पुस्तक काढून घेऊ नका, तुम्हीही वाचा. आणि मग मुलीला विचारा, आपल्या घराच्या किती चिठ्ठ्या झाल्या असत्या गं? पुढचं ती बोलेल.