‘सार्वजनिक’ या विशेषणाची कायदेशीर व्याप्ती

तुरुंगावरील पहारा हे सार्वजनिक सुरक्षिततेचे काम होय, हे कोणीही मान्य करील. कायद्यात मात्र ‘सार्वजनिक’ हे विशेषण कामास नव्हे, तर धन्यास लागते. यातून काय निष्पन्न होते, हे अमेरिकेतील ओहायो राज्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

त्या राज्याच्या १९८३ च्या कायद्याने सरकारी नोकरांना सामुदायिक वाटाघाटीचा हक्क दिला. पोलीस, अग्निशामक व सरकारी तुरुंगरक्षक यांना संप वर्ज्य ठरविला. परंतु त्याच्या मोबदल्यात वेतनाचा तंटा बंधनकारक लवादाकडे नेण्याची सोय केली. मार्च २०११ मध्ये संमत झालेल्या ‘सिनेट विधेयक ५’ने संपबंदी सर्व सरकारी नोकरांवर लादली आणि लवाद काढून घेतला. म्हणजे बंधन राहिले, मोबदला गेला. हा कायदा अमलात येण्यापूर्वीच, ८ नोव्हेंबर २०११ च्या सार्वमतात, सुमारे ६१ टक्के मतदारांनी तो फेटाळला.

त्याच वर्षी राज्याने कॉनिऑट येथील लेक एरी तुरुंग एका खाजगी कंपनीस सुमारे ७ कोटी २७ लाख डॉलरांना विकला. खाजगी कंपनीचा रक्षक राज्याच्या उपर्युक्त कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्यास १९३५ चा राष्ट्रीय श्रमसंबंध कायदा लागू होतो. त्यान्वये त्यास संपाचा हक्क आहे, पण बंधनकारक लवादाचा नाही. कैदी राज्याचे, शिक्षा राज्याच्या न्यायालयांची, पहाराही तसाच. निराळा आहे तो केवळ धनी. मतदारांनी राखलेला लवाद त्या भिंतींच्या आत पोचत नाही.