निर्मलचा लाकडी आंबा कुठल्या ऑनलाइन दुकानात ठेवावा?

नवरात्रात ज्यांच्या घरी दसऱ्याचे गोंबे मांडले जातात, त्यांना निर्मलची खेळणी नवी नसतील. हैदराबादहून नागपूरला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर हे गाव लागते. हुबेहूब आंबा, सीताफळ, वांगे, हरणे, पोपट, सगळे लाकडाचे आणि हातात घेतले तर पिसासारखे हलके. आपण गोंबे म्हणतो, तिकडे तेलुगूत बोम्मलु म्हणतात. मुलूखही परका नाही. आदिलाबाद, बिदर आणि नांदेड १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. राज्य पुनर्रचनेत बिदर म्हैसूरकडे गेले, आदिलाबाद आंध्रात राहिले, आणि त्याच जिल्ह्यातले किनवट व राजुरा मराठी मुलखाला जोडले गेले. घरात मराठी, बाजारात तेलुगू, आठवडी बाजाराला गोंडी, अशी तिथल्या कितीतरी घरांची रीत आहे. आपल्याकडच्या मराठी-कानडी घरांना ती समजावून सांगायला नको. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार भाग झाले. या लेखात आदिलाबाद म्हणजे तो जुना, अखंड जिल्हा समजावा.

हल्ली प्रत्येक घरात एक तरी मूल असे असते की जे म्हणते, "बाबा, आपला माल ऑनलाइन टाकू या." टाकू या, पण कुठे? ॲमेझॉनवर, मीशोवर, स्वतःची वेबसाइट काढून, की नुसते व्हॉट्सॲपवर? प्रश्न निर्मलच्या कारागिराचा असो, चन्नपट्टणच्या खेळणीवाल्याचा असो की बिदरच्या बिदरी कारागिराचा, ॲपची जाहिरात पाहून त्याचे उत्तर देऊ नये. आधी आपला माल कसा आहे ते पाहावे.

निर्मलची खेळणी पोनिकी नावाच्या मऊ, हलक्या लाकडाची. लाकूड आधी वाळवावे लागते. मग भाग कोरायचे, चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने ते जोडायचे, वर लेप द्यायचा, वाळवायचे, घासायचे, रंगवायचे, पुन्हा वाळवायचे. पावसाळ्यात हे वाळणे किती लांबते ते पापड घालणाऱ्या कोणत्याही घरी विचारा. जिल्ह्यातली दुसरी मोठी कला म्हणजे उशेगाव, केसलागुडा अशा गावांतल्या ओझा कारागिरांचे डोकरा काम. मेणाचे धागे मातीच्या गाभ्यावर गुंडाळून नक्षी करायची, वरून माती लिंपायची, भाजताना मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओततात. मूर्ती बाहेर काढायला साचा फोडावाच लागतो, म्हणून एकासारखी दुसरी वस्तू कधी होत नाही. दोन्ही कलांना भौगोलिक मानांकन आहे. आदिलाबादच्या डोकराला ते २०१८ मध्ये मिळाले.

आता हा माल मोठ्या ऑनलाइन बाजारात नेऊन बघू. फ्लिपकार्ट २००७ पासून आहे, ॲमेझॉन भारतात २०१३ मध्ये आले, मीशो २०१५ चे. कारागिरांसाठी ॲमेझॉनची 'कारीगर' आणि फ्लिपकार्टची 'समर्थ' अशा खास योजनाही आहेत. फायदा उघड आहे. तिथे जत्रा आधीच भरलेली असते, आपण फक्त पाल ठोकायचे. पण जत्रेचे नियम जत्रा भरवणाऱ्याचे. ऑर्डर आली की ठरलेल्या मुदतीत, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत, पार्सल तयार ठेवावे लागते. उशीर होत राहिला की विक्रेत्याचे गुण घसरतात, माल यादीत मागे पडतो, कधी खातेच बंद होते. म्हणजे तिथे विकायचे तर माल आधी करून रचून ठेवायला हवा, आणि त्यात पैसा अडकतो. वर्षभर खपणारे लहान आंबे-पेरूंचे संच ठेवता येतील. मागणीप्रमाणे होणारा मोठा हरणाचा जोड नाही.

दुसरी अडचण फोटोची. मोठ्या बाजाराची सगळी व्यवस्था 'एक फोटो, शंभर सारख्या वस्तू' यावर उभी आहे. डोकराच्या घोड्याची मान फोटोपेक्षा थोडी उजवीकडे वळलेली निघाली की गिऱ्हाईक 'चित्रात होते तसे नाही' म्हणून परत पाठवते. ज्या वेगळेपणासाठी ही वस्तू घ्यायची, तोच तिथे दोष ठरतो. घरपोच पैसे देण्याची सोय ठेवली तर आणखी एक दुखणे. दारात आलेले पार्सल कोणी घेतलेच नाही, तर ते फिरून परत येते. त्याचा खर्च कोणी सोसायचा हे प्रत्येक बाजाराच्या अटींत बारीक अक्षरांत असते. 'आम्ही कमिशन घेत नाही' अशी पाटी असेल तिथे हे बारीक अक्षर अधिकच नीट वाचावे.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि खेळण्यांच्या धंद्यात खरा खड्डा इथेच आहे. कुरिअरवाले वजन आणि आकार यांपैकी जे भारी पडेल त्याचे पैसे घेतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचे, की झाले आकारमानी वजन. समजा, फळांचा संच अर्ध्या किलोचा आहे. तो फुटू नये म्हणून भुसा-कागद भरून ३० × २५ × २० च्या खोक्यात घातला. गुणाकार १५,०००, भागिले ५०००, म्हणजे ३ किलो! अर्ध्या किलोच्या मालाला तीन किलोचे भाडे. म्हणून दर ठरवण्याआधी खोके ठरवावे. फळे एकात एक बसतील अशी रचना करून खोके २५ × २० × १५ वर आणले तर तोच हिशेब दीड किलोवर येतो. वेबसाइटचा रंग कोणता असावा यावर घरात आठवडाभर खल होतो, खोक्याला मात्र कोणी टेप लावून बघत नाही.

या साऱ्यापेक्षा मला मोठा वाटतो तो गिऱ्हाइकाचा प्रश्न. कानडीतही आपण गिराकीच म्हणतो. शब्द दोन्ही भाषांनी वाटून घेतलेला. जुन्या दुकानदाराची खरी पुंजी म्हणजे त्याची ओळखीची गिऱ्हाइके. कोणाकडे नातीचे बारसे आहे, कोण दर नवरात्राला एक गोंबे वाढवते, हे त्याला ठाऊक असे. मोठ्या बाजारात माल कारागिराचा असला तरी गिऱ्हाईक बाजाराचे राहते. पत्ता पार्सलपुरता मिळतो, ओळख मिळत नाही. उद्या नियम किंवा कमिशन बदलले तर वर्षानुवर्षे जोडलेली माणसे घेऊन दुसरीकडे जाता येत नाही. नाव सांभाळायला भौगोलिक मानांकनाचा आधार आहे, पण तो आपोआप चालत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळाले. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आहेत. तरी जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या प्रदर्शनात तशाच धर्तीच्या चपला मांडल्या तेव्हा कारागिरांचे नाव घ्यायला लावण्यासाठी इकडून ओरड करावी लागली.

आता सीमेवरच्या माणसांनी लक्ष द्यावे असा कराचा भाग. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या, जीएसटी नोंदणी नसलेल्या विक्रेत्यालाही ऑनलाइन बाजारात माल विकता येतो. अट अशी की विक्री आपल्याच राज्यात हवी, आणि ही सवलत घेतल्यावर राज्याबाहेर माल विकायचा नाही. हैदराबादजवळच्या माणसाला हे चालेल. आदिलाबादचे स्वाभाविक गिऱ्हाईक मात्र नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूरला बसलेले! पैनगंगेचा पूल ओलांडला की राज्य बदलते. निपाणी आणि कागलचे, बिदर आणि उदगीरचे हेच आहे. रोजच्या एसटीचा रस्ता कायद्याच्या लेखी आंतरराज्य व्यापार होतो. तेव्हा सीमेवरच्या घराला मोठ्या बाजारात शिरायचे तर नोंदणी करावी लागेल, दर महिन्या-तिमाहीची विवरणपत्रे भरावी लागतील, आणि ते काम कोणी करायचे हेही ठरवावे लागेल.

याच कायद्यात हस्तकलेला एक वेगळी वाट आहे, ती फार जणांना माहीत नसते. सरकारी यादीतल्या, हाताने घडवलेल्या वस्तू कारागीर स्वतः, मधला ऑनलाइन बाजार न घेता, परराज्यात पाठवत असेल, तर ठरावीक उलाढालीपर्यंत त्याला नोंदणीची सक्ती नाही. तेलंगणात ही मर्यादा २० लाखांची आहे. पॅन क्रमांक हवा, आणि माल कितीही किमतीचा असो, ई-वे बिल हवे. आपली वस्तू यादीत बसते का, हे कर-सल्लागाराला एकदा विचारून घ्यावे. त्याची फी पुढच्या डोकेदुखीपेक्षा स्वस्त पडते.

खेळण्यांना आणखी एक कागद लागतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते यांना त्यातून सूट आहे. पण ऑनलाइन बाजाराच्या पडद्यावर प्रमाणपत्र मागणारा चौकोन येतो तेव्हा सूट असल्याचा पुरावा आपल्यालाच जोडावा लागतो. म्हणून कारागिराचे ओळखपत्र आणि मानांकनाचे कागद आधी काढून ठेवावेत. ते नसतील तर कोणतेही ॲप निवडले तरी गाडी तिथेच अडेल.

स्वतःच्या वेबसाइटबद्दल थोडक्यात. शॉपिफाय महिन्याचे भाडे घेऊन तयार दुकान देते. वूकॉमर्स फुकट, पण जागा, नाव आणि देखभाल यांचा खर्च आपला, आणि बिघडले तर दुरुस्त करणारा माणूसही आपणच शोधायचा. दोन्हींत पैसे स्वीकारण्याची सोय वेगळी घ्यावी लागते. शिवाय रस्त्यापासून दूर बांधलेल्या दुकानासारखे तिथे गिऱ्हाईक आणायचे काम आपल्यालाच करावे लागते. महिन्याला दहा-पंधरा ऑर्डरी नक्की येत नाहीत तोवर ही घाई करू नये असे माझे मत.

सरकारी व संस्थांची दारे लोक विसरतात. आदिवासी मालासाठी ट्रायफेडचे 'ट्राइब्ज इंडिया' आहे. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने हातमाग-हस्तकलेसाठी 'इंडियाहँडमेड' काढले, त्यात कमिशन नाही. तेलंगणाच्या हस्तकला महामंडळाची 'गोलकोंडा' दुकाने आहेत. ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेल्या ओएनडीसीची कल्पना वेगळीच आहे. विक्रेता एका ॲपवर, गिऱ्हाईक दुसऱ्या ॲपवर, आणि मधे सरकारी पुढाकाराचे सामायिक जाळे. या सगळ्यांचा वेग खासगी बाजाराइतका नाही. पण हाताच्या कामाचाही कुठे आहे?

तेव्हा निर्मलच्या एखाद्या घराने मला विचारले तर मी म्हणेन, पहिले वर्ष व्हॉट्सॲप बिझनेस आणि पोस्ट. ॲपमध्ये मालाची यादी फुकट लावता येते, पैसे यूपीआयने आगाऊ घेता येतात, आणि डोकराची नेमकी तीच वस्तू फोटोत दाखवून विकता येते. 'वाळायला दहा दिवस लागतील' असे सांगितले तर माणसे थांबतात. गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता वहीत लिहून ठेवावा. सोबत एखाद्या सरकारी किंवा संस्थेच्या दुकानात माल द्यावा. वर्षभरात जो एक संच सतत खपतो, बांधायला सोपा आणि दरवेळी सारखा होतो, तेवढाच मोठ्या बाजारात न्यावा, बाकी घरीच. ज्या घरात तरुण माणूस नाही त्यांनी एकट्याने हे करू नये. निर्मलमध्ये कारागिरांची सहकारी संस्था १९५५ पासून आहे. एक फोन, एक जीएसटी क्रमांक आणि वीस कारागीर हा हिशेब परवडतो.

खाद्यपदार्थांचे गणित निराळे. उटनूरकडे आदिवासी महिला मोहफुलांचे लाडू करतात, आणि मार्च २०२५ च्या 'मन की बात'मध्ये आदिलाबादच्या दोन बहिणींच्या मोहफुलांच्या प्रयोगाचा उल्लेख झाला. लाडू, पापड, शेंगाचटणी यांना अन्नसुरक्षेची नोंदणी, तारखेचे लेबल आणि लवकर पोचणारी वाहतूक लागते. त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

निर्मलला थेट मागवायचे असेल तर वाचकांसाठी एवढेच. कारागिराला किंवा संस्थेला फोन करताना भाषेची काळजी नको, हिंदीत काम भागते आणि पुष्कळदा मराठीतही. नवरात्रासाठी मोठा संच हवा असेल तर श्रावण लागताच सांगून ठेवा. ओल्या हवेत रंग लवकर वाळत नाहीत. पत्त्यात पिनकोड आणि फोन नंबर ठळक लिहा. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात मिळाले आहे, त्यामुळे पार्सल स्पीड पोस्टाने मागवा आणि आल्यावर पोस्टमनसमोरच खोके हलवून बघा. आत फळे खडखडली तर भुसा कमी पडला आहे, हे पाठवणाऱ्याला लगेच कळवा.