शरणपूरचे मास्तर

नाशिकमध्ये शरणपूर रस्ता ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. पण या रस्त्याला ज्या शरणपूरचे नाव आहे, तिथून दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी काही तरुण मास्तर होऊन आफ्रिकेत गेले होते, असे सांगितले की समोरचा माझ्याकडे संशयाने पाहतो. कवी माणूस, काहीही सांगेल!

गोष्ट मात्र खरी आहे. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली गलबते अरबस्तानाकडे आणि इराणी आखाताकडे जात. ब्रिटिश आरमार त्यांतली काही पकडी. सुटलेल्यांत लहान मुले पुष्कळ असत. त्यांना पोचवायचे कुठे? त्यांची गावे किनाऱ्यापासून शेकडो मैल आत. मग अशी मुले मुंबईला आणली जात. त्यांतली काही चर्च मिशनरी सोसायटीकडे आली. या सोसायटीच्या रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी नाशिकजवळ १८५० च्या दशकात शरणपूरची वसाहत वसवली होती. शरण आलेल्यांचे गाव, म्हणून शरणपूर. आफ्रिकी मुलांची सोय तिथेच झाली. इंग्रजी, बायबल, जोडीला सुतारकाम, लोहारकाम. मुले इथल्या हवेत वाढली, तरुण झाली.

१८६४ साली त्यांच्यातल्या दोघांना, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना, मोंबासाजवळच्या रबई गावी धर्मप्रचारक आणि शिक्षक म्हणून पाठवण्यात आले. तिथे योहानेस रेबमान हे जर्मन मिशनरी १८४६ पासून ठाण मांडून होते. किलिमांजारो पर्वतावर बर्फ आहे, हे युरोपला कळवणारे तेच. विषुववृत्ताजवळ बर्फ कसा असेल, म्हणून तिकडच्या विद्वानांनी त्यांना वेड्यात काढले होते. इतकी वर्षे राबूनही रेबमान यांचे शिष्य अगदी मोजके होते.

मिशनचा हिशेब सरळ होता. ही मुले आफ्रिकेचीच, त्यांना तिथली हवा सोसेल, माणसे त्यांना आपले मानतील. पण जोन्स हे याओ जमातीचे. त्यांचा मुलूख पार दक्षिणेला. रबईची बोली वेगळी, किनाऱ्यावर स्वाहिली चाले. जन्माची भाषा लहानपणीच तुटलेली, अंगावर साहेबी कपडे, तोंडात इंग्रजी आणि हिंदुस्थानी. कातडीचा रंग सोडला तर या मास्तरांत आणि समोरच्या पोरांत सारखे काय होते? नाशिकच्या माणसाला ‘तू हिंदुस्थानचाच ना’ म्हणून मदुराईच्या शाळेत उभे करावे, तसलाच हा प्रकार. पुढे तर या मंडळींना ‘बॉम्बे आफ्रिकन’ असेच नाव पडले.

हे मला एवढे का भिडले ते सांगतो. तीसेक वर्षांपूर्वी मी नुकताच बी.ए. झालो होतो, मराठी विषय घेऊन. शिकवण्याचा अनुभव शून्य. मालेगावच्या एका उर्दू शाळेतले मराठीचे शिक्षक लांबच्या रजेवर गेले, त्यांच्या जागी मला बोलावले. मुलाखतीला आलेले एक बुजुर्ग म्हणाले, “तुम्ही तर आपलेच!” माझे नाव वाचून ते बोलले होते. मी वाढलो मराठी शाळेत. उर्दू वाचायचो ती अडखळत.

पहिल्या दिवशी हजेरीपट उघडला तो उलट्या बाजूने. वर्ग खदखदून हसला. मी दखनी ढंगात बोललो तर पुन्हा हसला. मालेगावात विणकरांची मोठी वस्ती, त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज उत्तरेतून आलेले. त्यांच्या कानाला माझी बोली म्हणजे मराठीच. एका मुलाने विचारले, “सर, ‘पुस्तक’ न मर्द, न औरत, तो फिर क्या?” उर्दूत लिंगे दोनच. मराठीत तिसरे का आहे, हा प्रश्न बी.ए. होईपर्यंत मला कधी पडला नव्हता. “पाठ कर,” म्हणालो.

पहिल्या चाचणीत निम्मा वर्ग मी नापास केला. ‘काळा’ला ‘काला’, ‘शाळा’ला ‘शाला’. लाल शाई संपली. मग एका मुलाची वही चाळताना दिसले, की तो मराठी धड्याचे उच्चार समासात उर्दू अक्षरांत लिहून ठेवतो. आणि उर्दूत ‘ळ’ला अक्षरच नाही. जे अक्षर त्याच्याकडे नव्हते, त्याच्यासाठी मी त्याला नापास केले होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकच अक्षर काढले आणि तासभर सगळ्यांकडून तोंडाने गिरवून घेतले. बदल्यात ती पोरे मला उर्दू नीट लिहायला शिकवू लागली. माझे अक्षर पाहून त्यांनीही लाल शाई काढली, हे ओघाने आलेच.

रबईचे मास्तर सहा महिन्यांनी परतले नाहीत. ते तिथलेच झाले, पण भांडून. पगार आणि मान यांत गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडत. १८७३ मध्ये झांजिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार केला. त्यासाठी गेलेले वकील म्हणजे मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर. सुटलेल्या लोकांसाठी १८७५ साली मोंबासासमोर फ्रेअरटाउन वसले, ते वसवायला गेले आपल्या शरणपूरचेच प्राइस. नाशिकमधून आणि मुंबईतून बरीच आफ्रिकी माणसे तिकडे गेली. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली, रबईला पाय ठेवल्यावर एकवीस वर्षांनी. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन यांच्याबरोबर जोन्स युगांडाकडे निघाले. वाटेत बिशपांची हत्या झाली. उरलेल्या तांड्याला घेऊन जोन्स रबईला परतले.

फ्रेअरटाउनच्या घंटेचा छोटा मनोरा मोंबासात अजून उभा आहे. गुलामांची गलबते दिसली की इशारा द्यायला ती घंटा होती म्हणतात. त्या नाक्याला लोक ‘केंगेलेनी’ म्हणतात. स्वाहिलीत ‘केंगेले’ म्हणजे घंटा.